मूल घाबरतं तेव्हा: कुशीत घ्यावं, ढकलावं, समजवावं की पायरी पायरीनं न्यावं?

रात्रीचे साडेआठ. आमच्याकडे बाथरूम पॅसेजच्या टोकाला आहे. साडेचार वर्षांची लेक स्वयंपाकघराच्या दारात पायावर पाय घट्ट दाबून उभी. "आई, तू चल ना. तो लाल डोळा बघतोय." लाल डोळा म्हणजे गीझरचा दिवा. सकाळी त्याच दिव्याकडे ती ढुंकूनही बघत नाही. माझी पोळी तव्यावर असते आणि घरातला प्रत्येक जण वेगळं सांगत असतो. सासूबाई म्हणतात, जा गं तिच्याबरोबर, लहान आहे. नवरा म्हणतो, एकदा जाऊ दे एकटी, सवय होईल. मला वाटतं, नीट समजावलं तर कळेल तिला.

वर्षभरात आम्ही हे सगळं करून पाहिलं आणि त्याबद्दल बरंच वाचलंही. तीन ते सात वर्षांच्या मुलांचे आईबाप रोज संध्याकाळी याच पेचात असतात, म्हणून हे मार्ग शेजारी शेजारी ठेवून बघते.

त्याआधी एक प्रश्न. काही करायची खरंच गरज आहे का? आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडतं, दीड वर्षाचं मूल आई नजरेआड झाली की कासावीस होतं, तीन ते सहा वर्षांत अंधार, भूत, मोठे आवाज, कुत्री यांची भीती येते. या वयात कल्पना धावायला लागलेली असते, पण खरं काय नि मनातलं काय हे वेगळं करायची ताकद अजून आलेली नसते. यातल्या बऱ्याच भीती आपोआप जातात. गणपतीत ताशा कडाडला की कानावर हात ठेवून बाबांच्या खांद्यावरून मिरवणूक बघणाऱ्या मुलाला तसंच बघू द्यावं. त्याचं काही अडत नाहीये. भीतीमुळे शी-शू, झोप, जेवण, शाळा किंवा खेळ अडायला लागला, की मात्र मार्ग निवडावा लागतो.

कुशीत घेणं आणि ढकलणं

दर वेळी तिच्याबरोबर गेलं, तर त्या रात्रीपुरता हा सगळ्यात सोपा उपाय. दोन मिनिटांत काम होतं, रडारड नाही. मी दोन महिने हेच केलं. आधी फक्त रात्री जावं लागायचं, मग संध्याकाळी, मग भर दुपारीसुद्धा "तू दारात थांब" सुरू झालं. कारण समजायला सोपं आहे. घाबरलेलं मूल त्या जागेपासून सुटलं की त्याला लगेच हायसं वाटतं, आणि मनात नोंद होते ती "आई आली म्हणून वाचले" अशी. आई नसती तरी काही झालं नसतं, हे शिकायची संधीच तिला मिळत नाही. प्रेमानं केलेली मदत भीतीच्या बाजूनं उभी राहते ती अशी.

तरी सासूबाईंचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही. मूल आजारी असेल, नुकतंच पडलं-झडलं असेल, रात्री दचकून उठलं असेल, तर कुशीत घ्यायचं. तिथे दुसरा विचारच करायचा नाही.

उलट बाजूला नवऱ्याचा मार्ग. एकदा त्यानं तिला आत पाठवून बाहेरून दार ओढून घेतलं. आपण काही मिनिटं धरून राहिलो की ती आपोआप शांत होईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती दारावर थापा मारत राहिली. त्यानं घाबरून दार उघडलं, तेव्हा ती घामानं भिजली होती. पुढचे आठ दिवस ती त्याच्याबरोबर बाथरूमकडे फिरकायलाही तयार नव्हती. म्हणजे भीती होती तिथेच राहिली आणि वर बाबांवरचा भरवसा डळमळला. मोठी माणसं स्वतःहून ठरवून, समजून-उमजून एकदम मोठ्या भीतीला सामोरी जातात तेव्हा काहींना उपयोग होतो. चार वर्षांच्या मुलीनं काहीच ठरवलेलं नसतं. भीती कळसाला असतानाच तिची सुटका झाली, तर मुळातलीच भीती आणखी पक्की होते.

नवरा म्हणाला, मी गावाला रात्री गोठ्यात एकटा जायचो, झालोच ना धीट? मी त्याला विचारलं, पहिल्यांदा गेलास तेव्हा बरोबर कोण होतं? आठवत आठवत तो म्हणाला, थोरला भाऊ कंदील धरून पुढे असायचा. मग काही दिवस भाऊ अंगणात थांबायचा. मग ओटीवरून नुसती हाक द्यायचा. त्याला आठवत होती ती शेवटची पायरी. आधीच्या पायऱ्या विस्मरणात गेल्या होत्या.

याच खात्यात "भित्री भागूबाई" म्हणून चिडवणंही येतं. त्यानं मूल घाबरायचं थांबत नाही, सांगायचं थांबतं. आणि जेवण संपवण्यासाठी बागुलबुवा, पोलीस, इंजेक्शन दाखवणाऱ्या घरात बाकी कुठलाही उपाय लागू पडणं अवघड, कारण एका हातानं आपणच भीती पेरत असतो.

समजावून सांगणं

शिकलेल्या आईबापांचा हा लाडका मार्ग, माझाही. अगं, तो डोळा नाहीये, दिवा आहे, पाणी तापलं की विझतो. ती मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी आजीला सगळं समजावूनही सांगायची. आणि रात्री पुन्हा दारात पाय दाबून उभी.

मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली नेमकी हीच तुलना करून पाहिली होती. मुलांच्या तात्पुरत्या सांभाळासाठी असलेल्या एका संस्थेतल्या मुलांवर त्यांनी भीती घालवायचे वेगवेगळे मार्ग आजमावले: भीतीच्या वस्तूपासून लांब ठेवणं, बोलून समजावणं, वस्तू वारंवार समोर आणणं, चिडवणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, आवडत्या गोष्टीशी सांगड घालणं आणि न घाबरणाऱ्या मुलांबरोबर ठेवणं. सशाला घाबरणाऱ्या, पाचव्या वर्षात असलेल्या एका मुलीशी आठवडाभर रोज सशाबद्दल गोड बोललं गेलं, चित्रं दाखवली, गोष्टी सांगितल्या. मुलगी सशाबद्दल मोकळेपणी बोलायला शिकली. खरा ससा पुढे आणल्यावर मात्र ती पूर्वीसारखीच उठून पळाली. शब्द बदलले होते, भीती नाही.

म्हणून समजावण्यावर माझा विश्वास राहिलेला नाही, असं नाही. पण त्याची जागा छोटी आहे. एकदा, दिवसाउजेडी, तिच्या हातानं गीझरचं बटण चालू-बंद करून दाखवायचं. ऐन भीतीच्या वेळी शास्त्र सांगत बसायचं नाही. तेव्हा दोनच वाक्यं पुरतात: "तुला भीती वाटतेय, मला कळतंय. आणि तुला जमेल, हेही मला माहीत आहे." नुसतं पहिलं म्हटलं तर मूल विरघळतं, नुसतं दुसरं म्हटलं तर एकटं पडतं.

पायरी पायरीनं

जोन्सबाईंनी केलेल्या तुलनेत वरचढ ठरले ते शेवटचे दोन मार्ग: आवडत्या गोष्टीशी सांगड घालणं आणि न घाबरणाऱ्या मुलांबरोबर ठेवणं. तीन वर्षांचाही न झालेला पीटर नावाचा मुलगा सशाला, फरच्या कोटाला, पिसांना, कापसालासुद्धा घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीत आणायचा, तो अस्वस्थ होणार नाही इतक्या लांब ठेवायचा, आणि दिवसेंदिवस जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला आपली बोटं चाटू-कुरतडू देऊ लागला. बाईंनी इशाराही दिला होता: घाई केली तर उलटंच होईल, मूल सशाला सरावायच्या ऐवजी जेवणालाच घाबरायला लागेल.

आमच्याकडे हे असं झालं. पहिले काही दिवस मी बाथरूमच्या उंबऱ्यावर, पाठमोरी. मग पॅसेजमध्ये कॅलेंडरखाली. मग स्वयंपाकघराच्या दारात, ती आतून "आई" म्हणणार आणि मी "ओ" देणार. मग ओ फक्त दोनदा. मग पोळी लाटत, ओ नाही. एका पायरीवर किती दिवस राहायचं याचा हिशेब मी कंटाळ्यावर ठेवला. "आई, तू कॅलेंडरपाशी का उभी आहेस?" असं तिनंच वैतागून विचारलं, त्या दिवशी मी एक पाऊल मागे सरकले. भीतीच्या जागी कंटाळा आला, की पायरी पार झाली.

याला वेळ लागला, साधारण पाच आठवडे. रोज दहा मिनिटांचा संयम लागला, आणि घरातल्या तिन्ही मोठ्यांनी एकाच पायरीवर राहणं सगळ्यात कठीण गेलं. मधेच एकदा ती आत असताना वीज गेली आणि आम्ही पुन्हा उंबऱ्यावर आलो. तेव्हा पीटर आठवला. तोही स्कार्लेट फीव्हरनं दोन महिने रुग्णालयात राहिला, परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि भीती पहिल्या ठिकाणी जाऊन बसली. त्याच्याबरोबर पुन्हा सुरुवात करावी लागली. आम्हाला मात्र दुसऱ्या खेपेला आठवडाही लागला नाही.

दुसरा यशस्वी मार्ग, न घाबरणाऱ्या मुलाबरोबर ठेवणं, याला पायऱ्यांची जोड द्यावी. मामेभाऊ आठवडाभर राहायला आला तेव्हा दोघं हात धरून पॅसेजमध्ये पळायची. "बघ, दादा घाबरतो का?" असं एकदा जरी म्हटलं असतं, तर सगळं फुकट गेलं असतं. बघू द्यायचं, बोट दाखवायचं नाही.

जिथे धोका खरा आहे, तिथे पायरीचं टोक वेगळं ठेवा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना घाबरणाऱ्या मुलानं त्यांना कुरवाळायला शिकायचं नाहीये. न पळता, आपल्या हाताला धरून बाजूनं जायला शिकायचंय. आणि एखाद्या विशिष्ट माणसाला किंवा जागेला मूल अचानक घाबरू लागलं, तर पायऱ्या अजिबात नकोत. जवळ बसा, ऐका, त्या माणसापासून लांब ठेवा. काही वाईट घडल्याची शंका असेल तर १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे.

रामरक्षा, अंगारा आणि भूत पळवणारा स्प्रे

तिन्हीसांजेला आजीच्या मांडीवर बसून भीमरूपी म्हणणं मला मनापासून आवडतं. ठरलेली वेळ, ठरलेली लय, पाठीवर फिरणारा हात, यानं मूल निवतं. अंगारा लावून "आता भूत नाही येणार" म्हणणं वेगळं, कारण त्यात भूत आहे हे आपण कबूल करतो. पाण्यात सुगंध घालून पलंगाखाली फवारायचा नवा स्प्रेही त्याच जातीचा. स्तोत्र असो वा रात्रीचा छोटा दिवा, कसोटी एकच: त्याच्या सोबतीनं मूल पुढची पायरी चढतंय, की त्याच्याशिवाय पाऊलच उचलत नाहीये? दुसरं असेल तर तीही सोबत हळूहळू कमी करायची.

शाळेच्या दारात

जून महिन्यात बालवाडीच्या फाटकाशी हाच पेच उभा राहतो. आम्हाला तिथल्या बाईंनी सांगितलं होतं, ती खेळात रमली की गुपचूप निघा. आम्ही ऐकलं आणि पस्तावलो. आई कधीही नाहीशी होऊ शकते, हे कळल्यावर मूल रमेल कसं? ती घरातही माझा पदर सोडेना. वर्गात बसून राहणं हाही टोकाचाच मार्ग. सांगून निघणं त्या क्षणी सगळ्यात जास्त रडवतं, पण मला तेच पटलं: एक पापा, "डबा खाल्लास की मी येते", आणि मागे न वळता निघायचं. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला "बारा वाजता" सांगून उपयोग नाही, "डब्यानंतर" कळतं. आणि त्या वेळेला फाटकाशी हजर राहायचं, एक मिनिटही उशीर नको.

आपण की तज्ज्ञ?

पाच-सहा आठवडे नेटानं पायऱ्या करूनही भीती तसूभर हलली नाही, आई-बाबांपासून दूर जायची भीती महिन्याहून जास्त टिकली आणि शाळा बुडायला लागली, रोज सकाळी पोट दुखतं आणि डॉक्टरांना काही सापडत नाही, किंवा भीती एका गोष्टीवरून सगळीकडे पसरत चालली, तर थांबू नका. बालमानसतज्ज्ञ करतात तेही बरंचसं पायऱ्यांचंच काम, फक्त सरावलेल्या हातानं.

मूल बोलायला तयार नसेल, तरी वाट आहे. येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झ यांच्या गटानं २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते १४ वर्षांची १२४ मुलं होती. काहींवर नेहमीचे उपचार झाले, तर काहींच्या फक्त आईवडिलांना शिकवलं: भीतीला कुठे कुठे हातभार लावता ते ओळखा आणि मुलाला धीर देत तो काढून घ्या. दुसऱ्या गटातली मुलं तज्ज्ञासमोर बसलीच नाहीत, तरी दोन्हीकडे सारखाच फरक पडला. मुलं आपल्या लेकीहून मोठी होती खरी, पण हे वाचून मला फार बळ आलं.

पैशाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात चौकशी करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास लागतो. आणि पहिल्या भेटीला एक वही न्या. त्यात तारीख, कशाला घाबरलं, आपण नेमकं काय केलं, किती मिनिटांत शांत झालं, एवढंच लिहिलेलं असू द्या. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी हातात असल्या, की पहिली पायरी कुठे टाकायची हे त्याच भेटीत ठरवता येतं.