रेडिएटरच्या 15 मिमी पाइपसाठी स्वस्त थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची जोडी: घ्यावी का?

ब्रिटनमधल्या घरांत नव्या रेडिएटरला (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पॅनेलला) बहुतेकदा अशीच जोडी लागते: एका टोकाला खोलीच्या तापमानानुसार पाणी कमीजास्त करणारा, आकड्यांचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली लॉकशील्ड, म्हणजे पाण्याचा प्रवाह एकदा ठरवून ठेवायचा व्हॉल्व्ह. पितळी बॉडी चांगली आहे. वरचं आकड्यांचं फिरतं डोकं मात्र यथातथाच.

नवा रेडिएटर पूर्ण गार असेल तर आत अडकलेल्या हवेला दोष देण्याआधी लॉकशील्डची टोपी काढा. फिटिंगच्या वेळी तो बंद करतात आणि उघडायचं राहून जातं. पान्याने घड्याळाच्या उलट दिशेला अर्धा फेरा द्या.

पाइप गरम, तरी रेडिएटर गारच? मग थर्मोस्टॅटिक डोक्याची रिंग सोडवा. खालची पिन पान्याच्या सपाट बाजूने दाबली की थोडी आत जाऊन आपोआप वर आली पाहिजे. या स्वस्त मालात ती उन्हाळाभर बंद राहिली की चिकटते. हलकेच ठोका, दोन थेंब सिलिकॉन तेल सोडा. पक्कडीने ओढू नका. पिन निघून आली तर काळं पाणी थेट गालिच्यावर!

फक्त वरचा भाग गार असेल तर हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटरच्या छोट्या चावीने हवा काढा, मग बॉयलरचा दाब पाहा. थंड असताना 1 ते 1.5 बार हवा.

खरी तक्रार लॉकशील्डबद्दल. पहिल्या पाव फेऱ्यातच जवळजवळ सगळं पाणी सुटतं, त्यामुळे बॅलन्सिंग करताना, म्हणजे सगळे रेडिएटर सारखे तापावेत म्हणून पाणी वाटून देताना, जीव मेटाकुटीला येतो. बॉयलरजवळच्या रेडिएटरला चांगली जोडी घ्या, ही पाहुण्यांच्या खोलीत चालेल.