सिझरनंतर दूध उतरत नसेल तर या लॅक्टेशन मॅडमची होम व्हिजिट नक्की घ्या

सिझर होऊन घरी आले तेव्हा दूध धड उतरलंच नव्हतं, बाळ सारखं रडायचं आणि भेटायला येणारा प्रत्येकजण वरचं दूध चालू करा म्हणायचा, तेव्हा मैत्रिणीने अंगावर पाजायला शिकवणाऱ्या या मॅडमचा नंबर दिला. पूर्ण पाच स्टार.

मॅडमनी पावडर, गोळ्या कशाचंच नाव काढलं नाही. आधी बाळाला नुसत्या डायपरवर माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून पांघरूण घातलं आणि मग एक अख्खं फीड शेजारी बसून पाहिलं. बाळ फक्त निप्पलच तोंडात घेत होतं, भोवतीचा काळा भागही आत जायला हवा, विशेषतः खालच्या बाजूचा. टाक्यांवर वजन येतं म्हणून मी आखडून बसायचे, तर त्यांनी उशी लावून बाळाला काखेखाली धरायला शिकवलं, पाय माझ्या पाठीकडे (फुटबॉल होल्ड), आणि रात्री कुशीवर झोपून पाजायचं. पोटाला धक्काच लागत नाही! दुखणं आणि टेन्शन असलं की पान्हा सुटायला अडतो म्हणे, ते मला पटलंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जेवढं दूध बाहेर निघेल तेवढंच नवीन बनतं. म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजायचं, रात्रीचं फीड चुकवायचं नाही कारण प्रोलॅक्टिन (दूध बनवणारं हार्मोन) रात्री जास्त असतं, आणि बाळ झोपाळू असेल तर हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायचं. सुरुवातीचा चीक थेंब थेंब येतो, पंपात चिकटून वाया जातो, म्हणून पहिले काही दिवस हातच बरा. सिझरमध्ये दूध भरायला थोडा उशीर होऊ शकतो हे हॉस्पिटलमध्ये कोणी सांगितलं असतं तर मी एवढी रडले नसते.

सासूबाईंची अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बंद करायला नाही सांगितले, खा, ताकद येते, पण नुसत्या त्याच्यावर दूध वाढत नाही असं त्यांना समोर बसवून नीट समजावलं. बाळंतिणीने पाणी कमी प्यायचं, पोट सुटतं, हे मात्र साफ खोडून काढलं, तहान लागेल तेवढं प्यायचं.

आणि घाबरवलं नाही पण लक्ष कशावर ठेवायचं ते सांगितलं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान 6 लंगोट ओले व्हायला हवेत, वजन जन्माच्या वजनापेक्षा 10 टक्क्यांच्या वर उतरलं किंवा बाळ सुस्त पडून पाजायलाही उठत नसेल तर लगेच बालरोगतज्ज्ञ, तिथे वाट बघायची नाही. आणि डॉक्टरांनी वरचं दूध सांगितलं तर ते द्यायचं, त्यात आईचा काही दोष नाही, फक्त सोबत दूध काढणं चालू ठेवायचं.

फी थोडी जास्त वाटली आणि शनिवार-रविवार अपॉइंटमेंट मिळणं अवघड आहे. सिझरची तारीख ठरलेली असेल तर आधीच बोलून ठेवा.