मंजुरीआधी जोडलेले सोलर आणि फुगलेले बिल

छतावर सोलर पॅनेल बसवल्यानंतर आलेले पहिलेच वीजबिल नेहमीपेक्षा जास्त होते, आणि आपली फसवणूक झाली आहे हे कळायला मला तेवढे पुरले. ज्या ठेकेदाराला काम दिले, त्याने वीज कंपनीकडे अर्ज केला असून मंजुरी ही केवळ औपचारिकता आहे असे सांगत इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारे यंत्र) घराच्या जोडणीला जोडून टाकला आणि ‘आता मीटर उलटा फिरेल’ या आश्वासनावर शेवटचा हप्ताही नेला.

उलटा फिरायचा तो जुना, चकतीचा मीटर. माझ्याकडे साधा इलेक्ट्रॉनिक मीटर होता, आणि अशा कित्येक मीटरना वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे, हा भेद कळत नाही. दुपारी घरातला वापर कमी असताना जी जादा वीज बाहेर जात होती, तीही मी वापरलेली वीज म्हणून नोंदली जात होती. म्हणजे ऊन जितके चांगले, तितके बिल मोठे. आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी नोंदवणारा नेट मीटर बसण्यापूर्वी कोणी यंत्रणा सुरू करून देत असेल, तर त्याला तिथेच थांबवावे. वीज कंपनीत चौकशी केली तेव्हा माझ्या नावाचा अर्ज तिथे आलेलाच नव्हता. मला दाखवलेल्या पोचपावतीवरचा क्रमांक मी पडताळला नव्हता, हा हलगर्जीपणा माझा.

काम तपासायला आणलेल्या इलेक्ट्रिशियनने याहून गंभीर गोष्ट दाखवली. पॅनेलकडून येणाऱ्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेच्या तारांवर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या घरगुती विजेसाठीचा साधा एमसीबी (बिघाड होताच वीज तोडणारा ब्रेकर) बसवलेला होता. 50 हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी विझते. डीसी प्रवाह तसा शून्यावर येत नाही, ठिणगी पेटती राहते आणि त्यातून आग लागू शकते. इन्व्हर्टरकडून येणारी तार तर स्वतंत्र ब्रेकर न देता थेट मुख्य स्विचच्या टर्मिनलमध्ये कोंबली होती. बाहेरून झाकण लावलेले असल्याने हे मला कधीच दिसले नसते.

‘वीज गेली तरी घर चालू राहील’ हेही खोटेच निघाले. बॅटरी नसलेला, ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच मुद्दाम बंद होतो, नाहीतर वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्या विजेचा धक्का बसेल.

मी यंत्रणा बंद करून स्वतः अर्ज केला, ठेकेदाराने केलेली जोडणी बदलून घेतली आणि तपासणीनंतर नेट मीटर बसला. जादा नोंदल्या गेलेल्या युनिटांचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण विनापरवाना जोडणीचा ठपका ठेकेदारावर नव्हे, तर ग्राहक म्हणून माझ्यावरच आला.