दाढदुखीचा डबा: नऊ महिन्यांनंतर

गेल्या ऑगस्टमध्ये मी घरात फक्त दातांसाठी म्हणून एक डबा केला. आम्ही विट्यात राहतो. आमचे दातांचे डॉक्टर रात्री आठला शटर ओढतात, रविवारी सुट्टी. त्यापुढे सांगली गाठायची, म्हणजे हाताशी गाडी असली तरी तास-सव्वा तास गेला.

श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरलं ते असं: लवंग तेल, कापूस, गॉझ, पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनची एकेक पट्टी, हिरडी बधिर करणारं जेल, ऑनलाइन मागवलेलं तात्पुरत्या फिलिंगचं सिमेंट, छोटा आरसा आणि घट्ट झाकणाची एक बाटली. सगळं मिळून 640 रुपये. ही बाटली कशाला, असं यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर मार्चमध्ये मिळालं.

पहिल्यांदा डबा उघडला तो माझ्यासाठीच, दिवाळीतल्या पाडव्याच्या रात्री. खालची डावी दाढ ठणकायला लागली. बसलं की जरा बरं, आडवं झालं की कळ थेट कानात. मोठ्या हौसेने लवंग तेलाचा बोळा भिजवून दाबला. पाच-दहा मिनिटं बधिर वाटलं, आणि सकाळी आरशात बघते तर हिरडीवर पांढरा चट्टा! तेल थेंबभरच घ्यायचं असतं, तेही दाढेच्या खड्ड्यात. हिरडीला लागलं की भाजतं. जेलनेही काही झालं नाही, कारण दुखणं दाढेच्या आत, नसेत होतं आणि जेल वरच्या कातडीला लागतं. रात्र निघाली ती पोटात काही घालून घेतलेल्या आयब्युप्रोफेनवर आणि मध्ये घेतलेल्या पॅरासिटामॉलवर. गार पाण्याचा घोट तोंडात धरला की तेवढ्यापुरती कळ थांबायची, याचा मला आनंद झाला होता. डॉक्टर म्हणाले, नस वाचण्यापलीकडे गेल्याचं ते लक्षण.

मध्ये एक दिवस मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकही आणून घेतलं. ठणका तसाच. नस सुजलेली असताना त्या गोळ्यांचा उपयोग नसतो, आतलं काढावंच लागतं, हे मला खुर्चीत बसल्यावर कळलं. रूट कॅनॉल सुरू झालं त्या रात्री मी सात तास सलग झोपले.

दुसरी वेळ संक्रांतीची. सासूबाईंनी चिक्की चावली आणि दाढेची कॅप हातात आली. मामंजी फेवीक्विक घेऊन उभे! ते आधी काढून घेतलं. कॅप धुतली, आतून पुसली, तात्पुरतं सिमेंट भरून दाढेवर बसवली आणि गॉझ चावायला दिला. हे सिमेंट लाळेच्या ओलीनेच घट्ट होतं. चार दिवस टिकलं. तरी झोपताना भीती वाटायची, कारण निघालेली कॅप श्वासनलिकेत गेली तर पंचाईत. शेवटच्या रात्री ती सुटीसुटी वाटली तेव्हा काढूनच ठेवली. या वस्तूला मी पूर्ण मार्क देते. तक्रार एकच: ट्यूब एकदा उघडली की उरलेलं वाळून खडा होतं.

तिसरी वेळ मात्र विसरणार नाही. मार्चमधला रविवार. नणंदेचा मुलगा, वय बारा, क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसला आणि पुढचा वरचा दात मुळासकट मातीत. सासूबाई दात नळाखाली घासायला निघाल्या. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मुळाला हात लावू नका, पांढऱ्या भागाला धरा, घासू नका, दुधात हलकेच खळबळा आणि जमलं तर लगेच खोबणीत बसवून रुमाल चावायला द्या. माझी छाती झाली नाही. पोरगं थरथरत होतं. मग दात बाटलीत, वर गार दूध, झाकण घट्ट आणि आम्ही स्कूटरवर. डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला. पडल्यापासून खुर्चीपर्यंत 35 मिनिटं.

मुळावरच्या नाजूक पेशी कोरड्या राहिल्या तर तासाभरात मरतात. साध्या पाण्यात त्या फुगून फुटतात, दुधात काही काळ तग धरतात. म्हणून दूध. दात बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते विचारलं. तार दोन आठवड्यांनी निघाली, त्याआधी रूट कॅनॉल सुरू झालं होतं. आता मे आहे, दात जागेवर आहे. मूळ झिजू शकतं, म्हणून एक्स-रे काढत राहायचं सांगितलंय. हा दुधाचा दात असता तर परत बसवायचाच नसतो, बसवला तर खालच्या पक्क्या दाताला इजा होते.

आता डब्यात बदल केलेत. जेल फेकलं. लवंग तेल राहू दिलंय, पण सोबत कान साफ करायच्या काड्या ठेवल्यात, थेंब मोजून लावायला. मामंजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून आयब्युप्रोफेनच्या पट्टीवर लाल पेनाने ‘मामंजींना नाही’ असं लिहिलंय. झाकणाच्या आत दोन फोन नंबर चिकटवलेत: एक डॉक्टरांचा आणि दुसरा 108. जबड्याखाली किंवा गळ्याला सूज, ताप, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वास लागतोय, असं काही दिसलं तर डबा उघडायचाच नाही, थेट मोठं हॉस्पिटल.

आणि टेट्रापॅकमधलं छोटं दूध, फ्रिजशिवाय टिकणारं. पहिलं पाकीट कुणीतरी चहाला वापरलं. दुसऱ्यावर मी मोठ्या अक्षरात ‘दाताचं’ असं लिहून ठेवलंय.