लेबर रूमची पहिली नोकरी: महापालिकेचे प्रसूतिगृह की खासगी रुग्णालय?

जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतिसेवेची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली की कागदोपत्री ती मुलगी परिचारिकाही असते आणि प्रसाविकाही, म्हणजे बाळंतपण करणारी मिडवाइफही. प्रत्यक्षात मात्र तिची प्रसाविका घडते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत वाट्याला आलेल्या लेबर रूममध्ये. ठाणे-नवी मुंबईत राहून याच कामात टिकायचे ठरवलेल्या मुलीपुढे एकीकडे महापालिकांची रुग्णालये आणि प्रसूतिगृहे असतात, तर दुसरीकडे घोडबंदर रोडपासून वाशी-खारघरपर्यंत पसरलेली खासगी रुग्णालये. ही निवड बहुधा पगार आणि घरापासूनचे अंतर पाहून केली जाते. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: किती बाळंतपणे आपल्या हातून होणार, आणि कळा देणाऱ्या एका बाईपाशी आपल्याला किती वेळ थांबता येणार.

पहिल्या बाबतीत महापालिकेचे पारडे उघडच जड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील सरकारी रुग्णालयांत सिझरचे प्रमाण 14.3 टक्के होते, तर खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के. नॉर्मल बाळंतपण शिकायचे तर ते जिथे होते तिथेच जायला हवे. तरीही सगळी सरकारी रुग्णालये एका मापाने मोजू नयेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. अशा ठिकाणी गुंतागुंतीच्या केसेस भरपूर पाहायला मिळतात, पण निवासी डॉक्टर आणि इंटर्न यांनाही शिकायचेच असल्यामुळे सिस्टरच्या हाती बाळ येण्याची संधी तुलनेने कमी असते. उलट, वस्तीजवळच्या लहान प्रसूतिगृहात साध्या बाळंतपणाची जबाबदारी बहुतेक वेळा तिच्यावरच पडते, आणि धोक्यात असलेली बाई वेळेत ओळखून मोठ्या रुग्णालयात पाठवणे हेही ती तिथेच शिकते.

खासगी रुग्णालयात कुटुंबाने विशिष्ट डॉक्टरांकडे नाव नोंदवलेले असते आणि बाळ त्यांच्याच हाती यावे अशी अपेक्षा असते. तासन्‌तास बाईजवळ थांबायचे, गर्भपिशवीचे तोंड किती उघडले ते पाहायचे, योग्य वेळी डॉक्टर मॅडमना फोन करायचा आणि मग बाजूला व्हायचे, असे सिस्टरचे काम तिथे असते. (मॅडम घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या तर गोष्ट वेगळी, बाळ सिग्नल पाळत नाही.) तरीही तिथे शिकण्यासारखे काही नसते असे मुळीच नाही. एपिड्युरल (कळांची वेदना कमी करणारे पाठीतले इंजेक्शन) दिलेल्या बाईवर लक्ष ठेवणे, पहिल्या तासात बाळाला छातीशी लावताना घाई न करणे, घाबरलेल्या नवऱ्याला काय चालले आहे ते नीट समजावणे, हे सारे तिथे निवांतपणे शिकता येते.

रुग्णसेवेचा खरा फरक दहा मिनिटांच्या एका कृतीत दिसतो. पोटावर, पिशवीच्या वरच्या टोकाला हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे मोजायचे, कळ ओसरताच बाळाचे ठोके ऐकायचे, आणि हे सर्व पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीच्या तक्त्यावर, त्याच वेळी नोंदवायचे. महापालिकेत तीन टेबलांवर तीन बाया एकाच वेळी कळा देत असल्या की हा हात तिथे पोहोचत नाही, आणि पार्टोग्राफ बाळंतपणानंतर एकदम भरला जातो. खासगीत पोटाला मॉनिटरचा पट्टा बांधलेला असतो आणि सिस्टर काउंटरवरून मॉनिटरचा स्क्रीन पाहते. वेळ असूनही हात लागत नाही. गर्दीची आणखी एक किंमत म्हणजे आवाज चढतो. “ओरडू नकोस, जोर लाव” हे वाक्य नवी सिस्टर महिन्याभरात उचलते आणि पुढे ते सुटता सुटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशींत बाळंतपणात सोबतीला बाईच्या पसंतीचे माणूस असावे, तिला हिंडू-फिरू द्यावे, बाळ बाहेर येण्याची वाट रुंद करणारा छेद सरसकट देऊ नये असे सांगितले आहे. केंद्र शासनाने तर 2016 मध्येच सरकारी रुग्णालयांत सोबतीच्या स्त्रीला परवानगी दिली. मुंब्र्याहून आलेली पहिलटकरीण सासूचा हात धरून शांत होताना एकदा पाहिले की त्या परवानगीचे मोल कळते.

पगाराबाबत थोडक्यात: महापालिकेची कायम जागा सर्वांत सुरक्षित, पण तिची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो, आणि तोवर कंत्राटी किंवा ठोक मानधनावर काम करावे लागते. खासगीत नोकरी लवकर लागते आणि तितक्याच लवकर सोडताही येते. पुढे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा प्रसाविकेच्या कामाचा 18 महिन्यांचा खास अभ्यासक्रम करायचा असेल, तर प्रत्यक्ष बाळंतपणांचा दोन वर्षांचा अनुभव उपयोगी पडतो, आणि तो महापालिकेत अधिक भक्कम होतो.

म्हणून नवख्या मुलीने आधी लहान महापालिका प्रसूतिगृह निवडावे आणि हात बसल्यावर खासगीचा विचार करावा, असा माझा कौल आहे. घरी तान्हे मूल असेल किंवा सलग नाइट ड्यूटी झेपणार नसेल, तर हा क्रम उलटा करायला हरकत नाही. कुठेही मुलाखतीला गेल्यावर मात्र लेबर रूमचे रजिस्टर कोण भरते, आणि बाळंतपण कोणी केले या रकान्यात गेल्या महिन्यात किती वेळा सिस्टरचे नाव आले, एवढे इनचार्ज सिस्टरना अवश्य विचारावे.