पोलर स्टार की हीली?

अमेरिकी तटरक्षक दलाची ही दोन्ही बर्फफोडी जहाजे सिएटलच्या बंदरातली. पण केवळ आकारावरून त्यांची तुलना केली, तर फसगत होते. २००० मध्ये सेवेत आलेले हीली ४२० फूट लांब, तर ‘पोलर’ वर्गातले १९७६ चे पोलर स्टार ३९९ फूट. तरीही गरज पडल्यास गॅस टर्बाइनवर चालणारे हे जुने जहाजच अधिक बलवान आहे. त्याचा उतरता नाळ, म्हणजे पुढचे टोक, बर्फावर चढतो, जहाजाच्या भाराने बर्फ दुभंगतो, आणि थर फारच जाड असला, तर मागे सरून पुन्हा धडक देत ते २१ फुटांपर्यंतचा बर्फ फोडते. हीलीची ही मर्यादा ८ फुटांची आहे.

हीलीचे मोल त्यावरच्या प्रयोगशाळांत आहे. २०१५ मध्ये ते एकट्याने उत्तर ध्रुवावर पोहोचले. मात्र अंटार्क्टिकातील मॅकमर्डो तळाची वाट मोकळी करायची असेल, तर माझ्या मते पोलर स्टारच हवे. चिंता आहे ती त्याच्या वयाची: त्याच वर्गातले पोलर सी २०१० पासून बंद पडले असून, त्याचे सुटे भाग काढून पोलर स्टार चालते ठेवावे लागले आहे.