आरसी हरवली? ओटीपी मात्र एजंटला देऊ नका

आरटीओबाहेर झेरॉक्सच्या टपऱ्यांपाशी उभे असलेले सगळेच एजंट लबाड नसतात. साताऱ्यात माझ्या काकांना भेटला तो मात्र पक्का होता.

काकांची पिशवी एसटीत राहिली. त्यात मोटरसायकलची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचं स्मार्ट कार्ड, विम्याचा कागद, पीयूसी, सगळंच. पोवई नाक्यावर पोलिसांनी अडवलं तर काय, या धास्तीनं ते एजंटाकडे गेले. "काका, लाईनीत कशाला उभं ऱ्हाताय? सह्या करा आन् घरी जावा. पोलिसाचा दाखला बी मीच आणतो." साडेतीन हजार ठरले. त्यानं आधार घेतलं, जुन्या कार्डाची झेरॉक्स घेतली, कोऱ्या अर्जावर सह्या घेतल्या आणि फोनवर येतील तसे ओटीपी विचारून घेतले. थोड्याच दिवसांत चकचकीत कार्ड हातात. काका एवढे खूश, की चहापाण्याला वर पैसे देऊन आले.

गाडी विकायला काढली तेव्हा बिंग फुटलं. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, दुय्यम (डुप्लिकेट) आरसीचा अर्जच संगणकावर नाही, हे कार्ड इथलं नव्हे. पोलिसांचा दाखलाही बनावट. आणि याहून वाईट म्हणजे गाडीच्या नोंदीतला मोबाईल नंबर बदललेला! नावबदलीचा ओटीपी भलत्याच माणसाला जात होता. पैसे गेले ते गेले, पण हा नंबर दुसऱ्याच्या हाती म्हणजे गाडीची किल्ली दिल्यासारखंच.

खरं तर एवढी घाई करण्यासारखं काही नसतं, आणि एजंट विकतो ती घाईच. डिजीलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधली आरसी मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरावी, असं केंद्र सरकारनं २०१८ मध्येच सांगितलंय. ॲप उघडून दाखवायची. गॅलरीतला फोटो चालत नाही. डिजीलॉकरमध्ये एक गोम आहे: आधारवरचं नाव आणि गाडीवरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे एका कागदावर 'राव' असतो, दुसऱ्यावर नसतो, तिथं गाडी अडते.

मग निवांत पोलिसांत हरवल्याची नोंद करा. दाखला स्वतः घ्या. परिवहनच्या संकेतस्थळावर दुय्यम आरसीचा अर्ज, म्हणजे नमुना २६, भरा. थकलेलं ई-चलन आधी भरून टाका, नाहीतर अर्ज तिथंच अडतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा पतसंस्थेची संमती लागते. सरकारी फी दुचाकीला १५० रुपये, चारचाकीला ३००, कार्डाचे २०० आणि टपालखर्च वेगळा. साडेतीन हजार कशाचे, हे काकांनी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "साहेबांचे."

कार्ड टपालानं नोंदीतल्या पत्त्यावर येतं. कुणी खिशातून काढून हातात ठेवलं तर तिथल्या तिथं मोबाईलवर गाडीची नोंद तपासा. अर्ज केला असेल तर त्याचा क्रमांक असतो. तो मागा, पावतीही मागा. झेरॉक्सवर आडवं लिहा: 'फक्त दुय्यम आरसीसाठी', खाली तारीख.

काकांचा मोबाईल नंबर आधारच्या आधारे पुन्हा नोंदला गेला आणि गाडीही विकली गेली. एजंटाचा फोन बंद आहे. बनावट कार्ड आणि दाखला तक्रारीसोबत पोलिसांकडे जमा केलाय, पैशाचा पत्ता नाही.